एक थर मराठी, एक थर उर्दू

अक्का,

तुझी बातमी पाचव्या पानावर आली. एक कॉलम, खालच्या बाजूला, सोयाबीन-कापसाच्या भावांना लागून. मजकूर मीच पाठवला होता: नाव, गाव, अंत्यविधी, मागे कोण कोण. पेपरच्या डेस्कवर कुणीतरी त्यात एक वाक्य वाढवलं, 'त्या धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या.' हे वाक्य आमच्याकडे तयारच असतं. नोकरीत असताना मीही ते कित्येकांना लावलं. तुझ्या बाबतीत ते बरोबर नाही. देवळाच्या कमिटीशी तू दोन वर्षं भांडलीस, आणि देवापुढे हात जोडताना मी तुला फारसं पाहिलं नाही. तुझे हात बहुतेक वेळा चिंचोक्यांच्या खळीत असायचे.

बातमीत मुखवट्याचा उल्लेख नाही. तो मीच टाळला. मुखवटा पुरा झालेला नाही, आणि अपुऱ्या कामाची बातमी होत नाही असं मी आयुष्यभर मानत आलो. तुझं म्हणणं उलट होतं. हे भांडण आपण अर्ध्यावर सोडलं आहे. आता तू बोलणार नाहीस म्हणून ते संपलं, असं मी धरत नाही.

मुखवटा तू ठेवला होतास तिथेच आहे. ओसरीवर, धान्याच्या कोठीवर, उन्हाची तिरीप येणार नाही अशा बाजूला. डावा कान बसलाय. उजवा कान आहे, पण बारीक. जबडा उघडा. डोळे नाहीत. डोळ्यांच्या जागी नुसता कागद आहे, आणि त्यावर कुठल्यातरी उर्दू जाहिरातीची अर्धी ओळ.

आपलं गाव पोखर्णीपासून फार लांब नाही. तिथलं नृसिंहाचं देऊळ मोठं, आपल्या गावातलं लहान. पण वैशाखातल्या नृसिंह जयंतीला सोंग आपल्याकडेही निघतं. दिवस मावळायच्या सुमाराला देवळापुढे कागदाचा खांब उभा करतात, खांबाच्या आत मुखवटा घातलेला माणूस असतो, हल्ली दत्ता, आणि आरोळी झाली की तो कागद फाडून बाहेर येतो. लहान मुलं रडतात. मीही रडलो होतो, हे तू कुणालाही सांगायचीस, माझ्या ऑफिसातल्या लोकांनासुद्धा.

तेव्हाचा मुखवटा आबांचा, आपल्या वडिलांचा, होता. त्यांनी तो केला तेव्हा चिंचोके वाटून खळ शिजवणं तुझ्याकडे होतं, कागद भिजवणं तुझ्याकडे होतं. मुखवट्याच्या तोंडाला हात लावायचा नाही, हा आबांचा नियम. पोरीबाळींनी लावायचा नाही. मला लावता आला असता. मला कुणी अडवलं नव्हतं. मला त्यात गोडी नव्हती. मी परभणीला पेपरात लागलो. तुला गावातच दिलं, देवळाच्या मागच्या गल्लीत. आबा गेले, मुखवटा देवळाच्या माळ्यावर राहिला. दरवर्षी जयंतीला खाली यायचा, पुन्हा वर जायचा. एका वर्षी खाली काढला तर अर्धा चेहरा वाळवीने खाल्लेला निघाला. त्या वर्षी सोंग तोंडाला हळद-कुंकू फासून निघालं. एकही लेकरू रडलं नाही.

कमिटीचे किशनराव तुझ्या ओसरीवर आले तेव्हा मी तिथेच होतो. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना काम उरकायचं होतं.

"अक्का, तरास घेऊ नका. हैदराबादला फायबरचं मिळायलंय. हलकं असतंय, धुता येतंय."

"धुऊन काय करायचंय?" तू म्हणालीस. "देव काय वरणभात खायलाय?"

"तसं न्हाई. पर आता बाईच्या हातचा मुखवटा म्हणल्यावर लोक..."

"खळ कुणाच्या हातची व्हती इतकी वर्सं? आबानं नुस्तं कागूद ठिवलं. चिकटलं ते कशानं?"

किशनराव माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी तरी सांगा, साहेब."

मी दोघांचंही ऐकून घेतलं. बाजू न घेण्याची मला सवय होती. तू ती सवय ओळखून होतीस. ते गेल्यावर म्हणालीस, "ह्येचं बी ऐकलं, तिचं बी ऐकलं, आन् घरी गेला. पेपरवाला हाय माजा भाऊ."

पहिला मुखवटा तू आषाढात केलास. तुला घाई होती. थरावर थर, सकाळी एक, दुपारी एक, परत दिवे लागायच्या आत एक. वरून तो चांगला खडखडीत वाजायचा. श्रावणात वास सुटला. तुझी सून सुनीता म्हणाली, आत्या, कोठीमागं उंदीर मेलाय. उंदीर नव्हता. तू तो मुखवटा अंगणात आणून मधोमध फाडलास आणि मधल्या थराला बोट लावून बघितलंस. ओला होता, आणि हिरवा.

मला वाटलं, आता सोडशील. तुझी बोटं तेव्हाच सकाळी वळत नव्हती. ऊन चांगलं तापून संधिवात सैल झाल्याशिवाय तुला कात्री धरता यायची नाही. मी तसं म्हणालोसुद्धा. तू फाडलेला तुकडा माझ्यापुढे धरलास.

"ह्ये बघ. सगळ्यात आतला पैला थर. ह्यो वाळलाय. ह्यो एकटा बसला व्हता दिसभर, म्हणून वाळला. मंग एका दिसाला एकच लावायचा, आणिक काय."

त्या अख्ख्या सडक्या चेहऱ्यात तुला तेवढी एक वाळलेली पट्टी दिसली. मी त्या दिवशी हे पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

त्यानंतर तुझे फोन सुरू झाले. मी नुकताच निवृत्त झालो होतो. जेवण व्हायचं, पेपर दुसऱ्यांदा चाळून व्हायचा, आणि पुढे दिवसात काहीच नसायचं. त्या वेळेला तुझा फोन यायचा. नमस्कार नाही, तब्येत नाही.

"बातमी घे."

"सांग."

"आज भुवई बसली."

"आणि?"

"आणिक काय? भुवई बसली."

"पूर्ण कधी होणार, अक्का?"

"मला काय म्हाईत? तुजा पेपर पूर्ण झाला का कवा? रोज निघायलाच की."

मी म्हणालो, पेपर वेगळा. प्रत्येक अंक आपापल्या जागी पूर्ण असतो. तू म्हणालीस, भुवई बी. हा वाद आपण इतक्या वेळा घातला की दोघांची वाक्यं ठरून गेली होती. मी म्हणायचो, शेवटी दाखवायला काय आहे ते महत्त्वाचं. तू म्हणायचीस, शेवटाला कोण बघतंय, मला आज जेवण गोड लागलं. तू हे हट्टाने म्हणत नव्हतीस. खरंच गोड लागलेलं असायचं. सुनीता सांगते, ज्या दिवशी पट्टी नीट बसायची नाही त्या दिवशी तू भाकरी अर्धी टाकायचीस, आणि बसली की वरून ठेचा मागायचीस.

एक दिवस मराठी पेपर आणि एक दिवस उर्दू, ही पद्धत आबांची की तुझी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर तू दोन वेगळी उत्तरं दिली होतीस. कारण मात्र सरळ होतं. मराठीवर मराठी चिकटवलं तर कालचा थर कुठे संपला आणि आजचा कुठे पोचला ते दिसत नाही, एखादी जागा पातळ राहून जाते. उर्दूवर मराठी आलं की उघडी राहिलेली जागा लगेच डोळ्यांत येते. मराठी पेपर माझ्याकडून यायचे, एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती, गठ्ठा बांधून. उर्दू पेपर शेजारच्या अन्वरभाईंकडून. त्यांचं शिलाईचं दुकान तुझ्या भिंतीला लागून.

आणि मग तुझा तो नियम. निधनाच्या बातम्या, खून, अपघात, श्रद्धांजलीचे फोटो, यातलं काही मुखवट्यात जाता कामा नये. मराठी पेपर तू स्वतः चाळून त्या जागा कापून काढायचीस. उर्दू तुला वाचता येत नव्हतं. ते काम अन्वरभाईंनी शिलाईच्या खडूने करायचं. मी एकदा ओसरीवर बसलो असताना ते पेपर घेऊन आले होते. पानभर पांढऱ्या रेघा होत्या.

"अक्का, आज तो कोई बचाच नई," ते म्हणाले. "ये देखो, सब मरे पडे हैं. ये एक कोना बचा, चश्मे की दुकान का."

"त्येवढाच द्या मंग. डोळ्यापाशी लावते."

मला तो नियम पटला नव्हता. कागद म्हणजे कागद, मी म्हणालो. रंगाखाली सगळं झाकलं जाणार, कोण वाचतंय? तेव्हा तू हातातली पट्टी खाली ठेवलीस.

"भाईरून झाकंल. आतून कशानं झाकंल? त्यात माणसाचं डोकं जातंय, बापू. दत्ता त्या खांबात उभा राहतोय, अंधारात, घामाघूम. त्याच्या नाकासमोर काय असंल? तुजा अपघात?"

सगळ्यात आतला थर, जो घालणाऱ्याच्या तोंडाला लागतो, त्याच्यासाठी तू मला कामाला लावलंस. एक तरी चांगली बातमी आण म्हणालीस. मी जुने अंक काढून बसलो. मोठ्या मथळ्यांत काही सापडलं नाही. सापडलं ते पानाच्या तळाला, जागा भरायला टाकलेल्या दोन-दोन ओळींत. जिंतूर तालुक्यातल्या एका गावाची बंद पडलेली एस.टी. फेरी पुन्हा सुरू. गंगाखेडला नदीच्या घाटावर शाळेच्या मुलांनी झाडं लावली. एका गावात हातपंपाला पाणी आलं. अशा ओळी मी नोकरीभर लिहिल्या. त्यांना आम्ही बातम्या म्हणत नव्हतो, त्यांना आम्ही भर म्हणायचो. तू त्या एकेक हातात घेऊन मला वाचायला लावल्यास आणि मग विचारलंस, "ह्यातलं तू लिव्हलेलं कोणतं?"

"माहीत नाही. नाव नसतं त्यावर."

"इतकी वर्सं लिव्हलंस, आन् तुजं म्हणून एक बी न्हाई?"

"बातमी कुणाची नसते, अक्का."

"आण हिकडं मंग," तू म्हणालीस. "बसगाडीची पैली दे."

दुसऱ्या मुखवट्याची गोष्ट गावाने तुझ्यापेक्षा जास्त सांगितली आहे, तरी एकदा इथे नोंदवतो.

सोंग दत्ता घेतो. त्याच्या घरात ते पूर्वीपासून आहे. पण दसरा झाला की दत्ता बायकोसह ऊसतोडीला जातो आणि चैत्रात परततो. मुखवट्याचा मातीचा साचा करायचा होता हिवाळ्यात, आणि डोकं होतं कर्नाटकात. तू त्याला फोन लावलास. मी पलीकडचं बोलणं ऐकू शकत होतो, कारण दत्ता फडात उभा राहून ओरडून बोलतो.

"अक्का, मी लय लांब हाव! फडात हाव!"

"डोकं संगं नेलंस का घरी ठिवलंस?"

"संगंच हाय की!"

"मोज मंग."

त्याच्या बायकोने पाचटाच्या दोरीने त्याचं डोकं मोजलं, दत्ताने ती दोरी आपल्या हाताने मोजली, आणि आकडा कळवला: अडीच वीत आणि वर दोन बोटं. तू तो आकडा तोंडपाठ केलास. आपल्या विताने माती मोजलीस. दत्ताचा पंजा फावड्याएवढा आहे, तुझा हात चौथीतल्या मुलीचा. हे तुझ्या लक्षात आलं नाही, दत्ताच्या आलं नाही, शेजारी बसलेल्या माझ्याही आलं नाही, आणि मी जन्मभर आकडे तपासून घेतलेला माणूस. सगळा हिवाळा तू मराठी-उर्दू, मराठी-उर्दू करत राहिलीस. रंग झाला. अंबाडीच्या वाखाची आयाळ लागली. मुखवटा सुरेख झाला होता, हे मी तेव्हा म्हणालो नाही, आता म्हणतो.

चैत्रात दत्ता आला, पाया पडला, आणि मुखवटा तोंडाला लावला. तो त्याच्या नाकावर येऊन थांबला. दत्ताने जोर लावला. तू ओरडलीस, "मेल्या, कान तुटतील त्याचे!" अन्वरभाई कुंपणावरून बघत होते. ते म्हणाले, "अक्का, ये तो बच्चे की साइज हो गई."

मी तुझ्याकडे बघत होतो. एक अख्खं वर्ष त्यात गेलं होतं. तुझी बोटं त्या वर्षात आणखी वाकली होती. मला वाटलं, आता ही रडेल. तू पदर तोंडाला लावलास, आणि खांदे हलायला लागले, आणि मग कळलं की तू हसायलीस.

"ह्यो नरसिंह न्हाई," तू म्हणालीस. "नरसिंहाचं लेकरू हाय."

मग तू मुखवटा दत्ताच्या तोंडापुढे हाताने धरलास आणि त्याला विचारलंस, काय दिसतंय. तो म्हणाला, डोळ्यांतून काहीच दिसत नाही, नाकाच्या भोकांतून मात्र जमीन दिसते, पाय दिसतात. तू लगेच नाकपुड्यांना बोट लावलंस. हे तुला आबांनी कधी सांगितलं नव्हतं. आबा डोळे कोरताना दार लावून घ्यायचे, तुला बाहेर बसवायचे. तू सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशी म्हणालीस, "डोळं देवाचं, नाक दत्ताचं." त्या दुपारी मी परभणीला परत निघालो तेव्हा तू वेशीपर्यंत आलीस आणि वाटभर नाकपुड्या किती रुंद कराव्यात यावर बोलत होतीस. मुखवटा फुकट गेला याबद्दल एक शब्द नाही.

त्या जयंतीला दत्ताने तो लहान मुखवटा फेट्यावर बांधला. नृसिंह खांबातून बाहेर आला तो दोन तोंडांचा, एक कपाळावर देवाचं, खाली दत्ताचं. लोक हसले. दुसऱ्या दिवशी किशनराव म्हणाले, अक्का, आता बास. तू एक वर्ष मागून घेतलंस. त्यांनी दिलं. पुढच्या वैशाखात दत्ताच्या डोक्यात बसेल असा मुखवटा नसेल तर फायबर, हे तू सगळ्यांसमोर कबूल केलंस.

या खेपेला तू दसऱ्याच्या आधीच दत्ताला ओसरीवर बसवलंस आणि त्याच्या डोक्याभोवती सुतळी फिरवून तिला गाठ मारलीस. वीत नाही, बोट नाही. ती सुतळी खिळ्याला टांगली आहे. साचा तिच्यावरून झाला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि तुझे फोन पुन्हा सुरू झाले. खालचा ओठ. जबड्याची कड. नाकपुडी, एकच, कारण दुसरीला बोट वळलं नाही. एकदा म्हणालीस, "आज काई न्हाई. आज नुस्तं हात फिरवला त्याच्यावरून. त्ये बी सांगायला केला फोन." मी म्हणालो, बरं.

मी थकलो होतो, अक्का. कशाने ते सांगता येत नाही. आजार नव्हता. इतकी वर्षं रोज संध्याकाळी पान छपाईला सोडायचं असायचं, आणि सकाळी ते शिळं झालेलं असायचं. निवृत्तीनंतर लक्षात आलं की एवढ्या सगळ्यातलं माझ्या हाताला काही लागलेलं नाही. लिहायला बसलो की पहिल्या ओळीलाच प्रश्न यायचा, याचं पुढे काय होणार. मग बसणं बंद केलं. त्या दिवसांत दुपारचा तुझा फोन ही माझ्याकडे येणारी एकच बातमी होती. मी फोन जवळ घेऊन बसायचो. हे तुला माहीत नव्हतं. मी दरवेळी तीन-चार रिंग होऊ देऊन मग उचलायचो.

आपलं शेवटचं बोलणं कानावरून झालं. डावा कान पूर्ण बसला होता आणि तू खुशीत होतीस. मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, डोळे कसे कोरायचे ते एकदा मला सांगून ठेव. दुसऱ्या मुखवट्याचे तू अंदाजाने कोरलेस, ते बरे झाले, पण काय अंदाज होता तो सांग. मी लिहून घेतो.

"लिव्हून काय व्हतंय? डोळं आलं की सांगते. आज कान हाय."

"अक्का, माणसाचं काही सांगता येत नाही."

"व्हय ना. म्हणूनच आज कान हाय म्हणलं."

मी चिडलो. म्हणालो, तुला पुढचं बघायचंच नसतं. तू म्हणालीस, "तुला पुढचं दिसतंय, म्हणून तू बसून हाईस. मला दिसत न्हाई, म्हणून माजा कान झाला." आणि फोन ठेवलास. तुझी फोन ठेवायची पद्धत तशीच होती, त्यात राग नव्हता, हे मी धरून चाललो आहे.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला तुझ्या नंबरवरून फोन आला. मी उचलून "सांग" म्हणालो. पलीकडे सुनीता होती.

दिवसकार्य होईपर्यंत मी गावातच राहिलो. किशनराव रोज येऊन बसायचे. त्यांचं लक्ष अधूनमधून कोठीकडे जायचं, पण विषय त्यांनी काढला नाही. तेराव्याच्या जेवणानंतर काढला, तोही हलक्या आवाजात.

"साहेब, अक्का होती तवर गोष्ट येगळी व्हती. आता फायबर सांगून टाकतो. तुमची काई हरकत?"

मी उत्तर देण्याआधी सुनीता आतून बाहेर आली. ती एरवी त्यांच्यापुढे येत नाही. तिच्या हातात फोन होता, स्पीकर लावलेला, आणि त्यातून दत्ता फडातून ओरडत होता.

"किशनराव, ऐकू यायलंय का? मी अक्काच्याच मुखवट्यात शिरनार! न्हाई तर तुमी घाला ते फायबर आन् तुमीच घुसा खांबात!"

"अरं, पर त्यो पुरा कोण करंल?"

दत्ता म्हणाला, "मामा हाईत की तिथं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बाजू न घेण्याची सवय झालेला माणूस आहे, आणि मला कागदाची एक पट्टीसुद्धा चिकटवता येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. किशनराव उठले, टोपी झटकली, आणि म्हणाले, "चैताच्या आखरीपातूर थांबतो. अक्काला एक वर्स दिलं व्हतं, ते अजून सरलं न्हाई." हे ते तुझ्यासाठी बोलले. तुझ्या बातमीत तू मनमिळाऊ होतीस असं छापलंय, ते कदाचित अगदीच चूक नसावं.

आज सकाळी सुनीताने खळ शिजवली. घट्ट झाली. चिंचोके तुझ्यासारखे वाटले गेले नाहीत, असं ती म्हणाली. मी मुखवटा कोठीवरून खाली घेतला. वर उर्दू होतं, म्हणजे तुझा शेवटचा थर उर्दू. म्हणजे आज मराठी. घरातली सगळी मराठी रद्दी तेराव्याच्या पंगतीत खाली अंथरली गेली होती. सुनीताने कपाटात जपून ठेवलेला एकच अंक उरला होता.

तुझी बातमी असलेला.

मी पाचवं पान उघडलं. कात्री मागितली.

"हे कामून कापायलात, मामा?" सुनीताने विचारलं. "आत्याचंच हाय की ते. लागू द्या त्यांच्या मुखवट्याला."

"तिचा नियम आहे," मी म्हणालो.

कागद म्हणजे कागद, असं मी तुला म्हणालो होतो. तरी चौकट कापून बाजूला ठेवली. राहिलेल्या पानाच्या, कॉलमच्या रुंदीच्या पट्ट्या केल्या, तू करायचीस तशा. सोयाबीनचे भाव, कापसाचे भाव, हवामान. माझी बोटं वळतात, तरी पहिली पट्टी वाकडी बसली. काढून पुन्हा लावली. दुसरीला हवेचा फुगा आला. तू तो अंगठ्याने कडेकडे ढकलायचीस, ते मी नुसतं पाहिलेलं होतं. ढकलला. गेला. सुनीता म्हणाली, "जमायलंय की." मी पुढची पट्टी उचलली.

डाव्या गालावरची पट्टी अपुरी पडली. तुझी बातमी त्याच कॉलममधून कापली गेली होती, तेवढी ती आखूड झाली. गालावर बोटभर जागा उघडी राहिली आणि तिथून तुझा उर्दू थर दिसतो आहे. दुसरी पट्टी हाताशी होती, ती मी लावली नाही. उद्या उर्दूचा दिवस. अन्वरभाई खडूने रेघा मारून पान देणार आहेत. त्या जागी उर्दूवर उर्दू येईल, थर कळणार नाही, आणि तू असतीस तर यावरून मला चांगलं झापलं असतंस.

डोळे कसे कोरायचे ते मला माहीत नाही. चैत्र संपेपर्यंत होईल की नाही, तेही माहीत नाही. दत्ताची सुतळी खिळ्यावर आहे. मुखवटा पुन्हा कोठीवर ठेवला आहे, सावलीच्या बाजूला.

आता दुपार आहे, तुझी फोनची वेळ.

बातमी घे, अक्का. आज डावा गाल बसला.